हाक हायिलच्या टाकीपाशी अडते

२८ ऑगस्ट

आज हायिलच्या फाटकावरून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा मान वळवली नाही. परत येताना तर तो फाटकातच उभा होता, हातात पाण्याचा पाइप धरून. मी समोर जबल शेखच्या माथ्याकडे बघत चालत राहिले, जणू आयुष्यात पहिल्यांदाच डोंगर बघतेय.

सख्खा भाऊ आहे, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. पण गावाने ठरवलं म्हणजे ठरवलं. पवनचक्क्यांच्या कंपनीला ज्याने बाग दिली त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या घरचा घोट प्यायचा नाही, त्याच्या मयताला जायचं नाही. युद्धात आमच्या पठाराचा ताबा घेतलेल्या सरकारने ओळखपत्रं वाटली तेव्हा ती घेणाऱ्यांशीही आम्ही असंच केलं होतं आणि तेव्हा तर हायिलच सगळ्यांत पुढे होता. यंदा सह्या केलेले बाकीचे सगळे शेख अबू निझारच्या बैठकीत आले, चारचौघांत तोंडाने बोलले आणि सही मागे घेतली. राहिला हा एकटा. कंपनीचा रस्ता नेमका ह्याच्याच बागेतून जाणार आहे. सफरचंदांची तोडणी संपली की यंत्रं येतील. तोवर सही मागे घेता येते, मग नाही.

रिवाजाप्रमाणे शेख आणि दोन म्हातारे त्याला तीनदा बजावायला गेले. अशा माणसाच्या उंबऱ्यात पाय ठेवत नाहीत, फाटकाबाहेरूनच मोठ्याने सांगतात. पहिल्यांदा हा पाठ करून फांद्या छाटत राहिला. दुसऱ्यांदा खिडकीतून बघितलं आणि आत निघून गेला. तिसऱ्यांदा शेख अर्ध्यात असतानाच ह्याने पंप सुरू केला. शेखांच्या तोंडावर पंप! आमचा बाप सलीम जिवंत असता तर त्याच पाइपने झोडला असता.

सहीपेक्षा मला राग आहे तो त्याच्या खोटेपणाचा. बहिष्काराच्या आधी फरहानच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मी स्वतः त्या चक्कीखाली जाऊन उभा राहिलो, चांगला तासभर. माशीएवढासुद्धा आवाज नाही. तुम्ही लोक उगाच गोष्टी रचता."

माशीएवढा म्हणे. पलीकडच्या कड्यावर त्या चार चक्क्या उभ्या राहिल्यापासून वाऱ्याच्या दिवशी माझ्या कपाटातल्या बश्या बोलतात. धप, धप, धप, कुणीतरी दूरवर गादी झोडपत बसल्यासारखं. कोंबड्यांनी अंडी कमी केली. आणि आता कंपनीला आमच्या बागांत अजून लावायच्या आहेत, ह्या चौघींच्या दुप्पट उंच.


२ सप्टेंबर

लमीस आली हैफाहून. माझी मुलगी, वय एकोणतीस, आवाजाचं शिक्षण घेतलंय. गाणं नाही, वादन नाही, नुसता आवाज. मी कुणाला सांगते तेव्हा लोक विचारतात, लग्नाचं काय.

येताना दोन पेट्या भरून मायक्रोफोन आणले. जेवण झाल्यावर बागेत गेली ती आली नाही, म्हणून बघायला गेले. तर ही आमच्या टाकीला कान लावून उभी. डोळे मिटलेले.

"बाई गं, एवढं शिकवलं ते टाकीचं गुपित ऐकायला?"

"यम्मा, गप. इकडे ये. हात लाव."

मी तळहात ठेवला. टाकी थरथरत होती. रिकामी आहे ना आता, शेवटचं पाणी झाडांना सोडून झालं. भरलेली असती तर मुकी राहिली असती. रिकाम्या पत्र्यात त्या चक्क्यांची धपधप शिरली होती आणि टाकी आतल्या आत घुमत होती. मला किळसच आली. नाएफने, माझ्या नवऱ्याने, ही टाकी स्वतःच्या हाताने जोडली. तेव्हा सरकार म्हणायचं, नदी आमची, झरा आमचा, आणि पाऊस साठवायलाही आमचा परवाना लागेल. मग गावाने बिनपरवाना टाक्या उभ्या केल्या, बागेबागेत एकेक, दुमजली घराएवढी. एक पाडली की दोन उभ्या. आणि आता त्याच टाकीच्या पोटात ह्यांचा आवाज राहायला आलाय.

मी हे सगळं बोलून दाखवलं. लमीस माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "हे परत एकदा बोल, मी रेकॉर्ड करते." मी नाही बोलले. माझं बोलणं काही रवा नाही, पुन्हा चाळायला.


९ सप्टेंबर

पोरीच्या डोक्यात काय शिजतंय ते आज कळलं.

कंपनीने आवाजाचा अहवाल केलाय. त्यातला नकाशा तिने मत्ते, आमचा तो नळीने ओढायचा कडू चहा, पिताना सगळ्यांसमोर पसरला. गावातल्या घरांवर ठिपके आहेत, म्हणजे इथे माणसं राहतात, इथे आवाज मोजायचा. बागांवर एकही ठिपका नाही. जिथे ठिपका नाही तिथे ऐकणारं कुणी नाही, आणि जिथे ऐकणारं नाही तिथे आवाजच नाही, असा त्यांचा हिशेब. आम्ही मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत बागेत राहतो, तिथे जेवतो, भांडतो, पाहुणे बसवतो. माझा मुलगा कनान तर तिथल्याच दगडी खोपटात जन्मला. तरी ठिपका नाही.

"म्हणजे आपण भुतं," फरहान म्हणाला आणि पेला पुढे सरकवला. फरहान माझा शेजारी, त्याच्या बागेचा बांध माझ्या बांधाला लागून आहे.

लमीस म्हणाली, "भुतांनी ओरडायचं. प्रत्येक बागेतून."

तिचं म्हणणं असं. प्रत्येक टाकीचा आवाज वेगळा आहे, ठोकून बघा. एक दिवस ठरवायचा. प्रत्येक घराने आपापल्या टाकीपाशी उभं राहायचं. पहिल्याने मोगरीने टाकी ठोकायची आणि टाकीच्या बुडाजवळच्या छोट्या दारात तोंड घालून हाक द्यायची. ती पुढच्याला ऐकू गेली की त्याने आपली टाकी ठोकून तीच हाक पुढे द्यायची, जशी आली तशी, एक शब्दही बदलायचा नाही. चौकातून निघालेली हाक सगळ्या बागांतून फिरून परत चौकात आली पाहिजे. ती ते रेकॉर्ड करणार, परदेशात लोकांना ऐकवणार, आणि वकील कोर्टात ऐकवणार.

"त्याने चक्क्या थांबतील?" मी विचारलं.

"नाही. पण ह्या नकाशाला खोटं पाडता येईल. ह्यांनी आपल्या टाक्यांना त्यांची भाषा शिकवली ना, आपण त्यांना आपली बोलायला लावू."

माझ्या पोटची पोर एवढं बोलते ह्याचं मलाच नवल वाटलं. पेला माझ्याकडे आला तेव्हा दोन घोट जास्तच ओढले.


१४ सप्टेंबर

बैठकीत हाक कोणती द्यायची ह्यावर दोन तास खडाजंगी. तरुणांना घोषणा हवी. शेख अबू निझारना देवाचं नाव हवं. उम्म झियाद, झियादची म्हातारी आई, म्हणाली की काहीही ठरवा पण छोटं ठरवा, तिची कवळी सुटते.

शेवटी मी बोलले. म्हटलं, आपण दरीवर काय ओरडायचो?

तारेचं कुंपण पडलं तेव्हा अर्धी माणसं पलीकडे सीरियात राहिली, अर्धी इकडे. मग दर शुक्रवारी दरीच्या ह्या काठावर आपण आणि त्या काठावर ती. मध्ये सुरुंग. कर्णे घेऊन ओरडायचं. लग्न, मयत, बाळंतपण, सगळं ओरडून. आणि काहीही सांगायच्या आधी, प्रत्येकाने, प्रत्येक वेळी, एकच विचारायचं.

"ऐकू येतंय का?"

शेखांनी डोळे पुसले आणि दाढी कुरवाळल्याचं नाटक केलं. ठरलं. मला उगाच मोठेपणा नको, पण ठरलं ते माझ्यामुळे.


२१ सप्टेंबर

तालीम झाली. फसली.

चौकातून हाक निघाली ती झकास आली. टाक्या काय वाजतात! फरहानची जाड, गाभण म्हशीसारखी. माझी स्वच्छ. माझी सगळ्यांत स्वच्छ, हे लमीससुद्धा म्हणाली, आणि ती मला खूश करायला बोलत नाही. फरहानची हाक आली, मी मोगरी मारली, दारात तोंड घालून ओरडले. माझ्यापुढे ओढा आहे, त्यापुढे हायिलची बाग, आणि तिच्यापलीकडे उम्म झियादची. हायिलची टाकी मुकी, म्हणून माझी हाक थेट उम्म झियादपर्यंत पोचायला हवी होती. ती पोचेना. चार वेळा ओरडले. घसा फाटला. वारा होता, चक्क्या जोरात, आणि नेमक्या त्या ओढ्याच्या खोलगट भागात त्यांची धपधप येऊन बसते. माझी हाक तिथे बुडते.

लमीसने सगळीकडे फिरून ऐकलं, मायक्रोफोन हलवले. संध्याकाळी म्हणाली, "यम्मा, मामाची टाकी नसेल तर जमत नाही. दुसरी वाट नाही."

"मग नाही जमलं."

"दरीवर सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता ना?"

"मला भाऊ नाही," मी म्हटलं.


२६ सप्टेंबर

आज जीव जायचा होता त्याचा.

ओढ्यापलीकडच्या सामायिक वाटेवर हायिल वाकून पडलेली सफरचंदं पेटीत भरत होता. फरहान ट्रॅक्टर मागे घेत येत होता, पाठीमागे भरलेली ट्रॉली. त्याला वाटलं वाट मोकळी आहे, तरी हॉर्न वाजवत होता, बें बें बें. हायिल हलेना. मी ओढ्याच्या अलीकडून बघत होते. आधी वाटलं, आता उठेल. मग वाटलं, शेवटच्या क्षणी उठून रुबाब दाखवेल. मग माझ्या तोंडून त्याचं नाव निघून गेलं. दोन महिन्यांनी. इतक्या जोरात की तिकडे शाळेतल्या पोरांनी ऐकलं असेल. फरहानने ब्रेक मारला. ट्रॉली त्याच्या पाठीपासून वीतभर लांब थांबली.

ट्रॉलीची सावली अंगावर आली तेव्हा कुठे त्याने वर बघितलं. पांढराफटक पडला. मग हसला आणि हाताने केलं, काय झालं एवढं.

फरहान येऊन मला म्हणाला, "मेलो तरी गावाच्या हाकेला ओ द्यायची नाही, अशी शपथ घेतलीय वाटतं."

खरंच. काय हा माज! वहिनी, अमल, गेली तेव्हापासून हा असा झालाय. आधी मत्तेच्या बैठकीला यायचा बंद झाला. मग फोन उचलेना. त्याचा रवाद जर्मनीहून मलाच फोन करून विचारतो, बाबा ठीक आहेत ना. अमल होती तेव्हा तिने त्याला माणसांत ठेवलं होतं. कुठेही जा, ती त्याच्या शेजारी, कुणी बोलायला लागलं की हळूच त्याचं कोपर दाबायची. मी तिला चिडवायचे, नवऱ्याला एवढं काय चिकटून बसतेस.


२७ सप्टेंबर

सकाळी लमीसला कालचं सांगितलं. तिने हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाली,

"यम्मा, मामाला ऐकू येत नाही."

मी तिला वाट्टेल तसं बोलले. दरीचा कान होता तो, म्हटलं. पलीकडून पन्नास बायका एकदम ओरडत असताना हा सांगायचा, ती समीरा आहे, आपली ताई, आणि तिला सर्दी झालीय. आई माझ्याकडे बघायची सुद्धा नाही, त्याला विचारायची, काय म्हणते रे. बायका रांग लावून उभ्या राहायच्या, हायिल, माझा भाऊ काय म्हणाला, हायिल, माझी आई रडली का. त्याला ऐकू येत नाही?

लमीस म्हणाली, "मी आवाजाशिवाय काही शिकले नाही. एवढं तरी मला कळू दे."

मग मी उठून भांडी घासली. घासलेलीच होती.


२८ सप्टेंबर

काल रात्रीपासून एकच चित्र डोळ्यांपुढे येतंय. अमलचा हात त्याच्या कोपरावर.

आणि तो पाठ करून फांद्या छाटतोय, आणि फाटकाबाहेर शेख कंठशोष करतायत. त्याला काय दिसलं असेल? तीन म्हातारे फाटकापर्यंत येतात, उभे राहतात, आत येत नाहीत, आणि निघून जातात. एकदा नाही, तीनदा. त्याच्या दारातून मत्ते न पिता. तो सलीमचा मुलगा आहे. असा अपमान झाल्यावर मीही पंप सुरू केला असता.

आणि तो चक्कीखाली तासभर उभा होता. खोटं नव्हता बोलत. मी भावाला दोन महिने खोटारडा म्हणत फिरले.

खूप रडले. लिहून ठेवते, कारण कुणाला सांगणार नाही.


३० सप्टेंबर

शेख अबू निझारकडे गेले. एकटी. सगळं सांगितलं. ते ऐकून त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ती काढलेली मी आजवर पाहिली नव्हती.

"तीनदा बजावायचं असतं, त्याला ऐकू जाईल असं," ते म्हणाले. "आम्ही एकदाही बजावलं नाही. हा बहिष्कारच लागू होत नाही, उम्म कनान. उद्याच बैठकीत जाहीर करतो."

"खबरदार."

शेखांना आजवर कुणी खबरदार म्हटलं नसेल. पण मी म्हटलं. "तुम्ही बैठकीत सांगणार, बिचारा बहिरा आहे, माफ करा. मग तो परत कधी मान वर करेल? इतकी वर्षं त्याने हे लपवलं, माझ्यापासूनसुद्धा. त्याला गावाची कीव नकोय. तो कीव घेऊन जगण्यापेक्षा बहिष्कार घेऊन मरेल."

"पण सही त्याने स्वतःच्या तोंडाने मागे घ्यायला हवी. लोकांसमोर. त्याला वाट नाही."

"ते माझ्यावर सोडा."

सोडा म्हणायला काय जातं. कसं करणार होते, देव जाणे.


३ ऑक्टोबर

आज वारा चांगला होता. चक्क्या सकाळपासून फिरत होत्या. मी ओढा ओलांडून सरळ हायिलच्या बागेत शिरले. तो पेट्या रचत होता. मला बघून त्याचा हात थांबला.

बोलायचं नाही असं गावाने ठरवलंय. हात धरायचा नाही असं कुणी म्हटलेलं नाही. मी त्याचं कोपर दाबलं, अमल दाबायची तसं, आणि त्याला ओढत त्याच्या टाकीपाशी नेलं. लहानपणी शाळेत न्यायचे तसंच, आणि तेव्हासारखाच तो पाय घासत आला. मी त्याचा तळहात पत्र्यावर ठेवला आणि वर माझा हात दाबून धरला.

थोडा वेळ काही नाही. तो मला वेड लागल्यासारखं बघत होता. मग त्याची नजर बदलली. दुसरा हातही ठेवला. मग कपाळ टेकवलं. धप, धप, धप. टाकी आतून हलत होती. त्याने वळून कड्याकडे बघितलं, पाती फिरत होती. पुन्हा हात. पाती आणि हात, पाती आणि हात. एक पातं खाली आलं की एक धप.

"केव्हापासून?" तो ओरडला. आपण किती मोठ्याने बोलतोय हे त्याला कळत नव्हतं. "नुहाद, केव्हापासून हे असं?"

मी बोलले नाही. बोलले असते तरी काय उपयोग होता. बोटांवर महिने मोजून दाखवले, वसंतापासून. त्याचं तोंड असं झालं की मी दुसरीकडे बघितलं. कंपनीच्या माणसाला त्याने शब्द दिला होता, कानांच्या भरवशावर. कमी ऐकू येतं हे त्याला माहीत होतं, एवढं गेलंय हे नव्हतं.

मग झाडांना लावायचा चुना शेडमध्ये बादलीत कालवलेला होता तो घेतला, ब्रश घेतला, आणि त्याच्या टाकीवर माणसाच्या उंचीच्या अक्षरांत लिहिलं: शेख तीनदा हेच सांगायला आले होते, गाढवा. सही मागे घे.

त्याने वाचलं. खाली बसला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता. मग दोन्ही.

ब्रश अजून ओला होता म्हणून खाली अकरा तारखेच्या हाकेचं सगळं लिहिलं. फरहान, मग मी, मग तू, मग उम्म झियाद. काय ओरडायचं ते. आणि मी ठोकेन तेव्हा हात टाकीवर ठेव. ठोका पत्र्यातून आणि जमिनीतून येतो, लमीसने मोजलाय.

त्याने मान हलवली नाही, नकारही दिला नाही. चुन्याने माझा नवा झगा खराब झाला.


७ ऑक्टोबर

त्याच्या बागेत हालचाल नाही. टाकीवरची अक्षरं त्याने धुवून काढलीत. ह्याचा अर्थ हो की नाही? लमीस म्हणते वाट बघ. कंपनीचं पिवळं यंत्र खालच्या रस्त्याला येऊन उभं राहिलंय. उम्म झियाद रोज त्याच्या फाटकासमोर थुंकून जाते, मला दाखवत.


११ ऑक्टोबर

मोगरी मारून हात भरून आलेत, आणि आवाज पार बसलाय, तरी आजच लिहिणार.

वारा सकाळपासून. चक्क्या जोरात. बागेबागेत माणसं, म्हातारी खुर्च्यांवर, पोरं झाडांवर. लमीस फाटक्या चपलांत इकडून तिकडे पळत होती. चौकात शेखांनी पहिली मोगरी मारली. हाक निघाली. मला आधी ऐकूच आली नाही, मग लांबून टाक्या एकेक बोलायला लागल्या, जवळ, अजून जवळ. वाटेत कुणाचा तरी आवाज फुटत होता, कुणी हसत होतं, पण शब्द तेच. मग फरहानची म्हैस हंबरली. "ऐकू येतंय काऽऽ?"

मी मोगरी मारली. दारात तोंड घालून ओरडले. माझ्या आवाजाने माझेच कान बधिर झाले. "ऐकू येतंय काऽऽ?"

ओढ्यापलीकडे हायिल टाकीपाशी उभा होता. आमच्याकडे पाठ करून, दोन्ही हात पत्र्यावर, मान खाली.

काही नाही. धप, धप, धप. सगळ्या बागा गप्प. फरहान बांधावरून म्हणाला, "बघ, ह्याचा माज." मी त्याला म्हटलं, "तोंड सांभाळ." आणि पुन्हा मोगरी उचलली, दोन्ही हातांनी, आणि अशी मारली की पत्र्याला पोचा पडला. नाएफ, माफ कर.

हायिलने मान वर केली.

हाताचा कर्णा केला तोंडाभोवती, जसा दरीवर करायचा. आणि तो आवाज आला. साठीला आलेल्या माणसाचा नाही, तोच, ज्यासाठी बायका रांग लावायच्या. टाकीत शिरला आणि टाकीतून बाहेर पडला आणि चक्क्यांच्या धपधपीवरून चालत गेला.

"ऐकू आलं! मी हायिल, सलीमचा मुलगा! ऐकू आलं! बाग देत नाहीऽऽ!"

आता पाळी उम्म झियादची. बहिष्कृत माणसाचे शब्द, त्याचं नाव, तोंडात घ्यायचं. पण नियम ठरलेला, हाक जशी येईल तशी पुढे द्यायची, एक शब्द बदलायचा नाही. मी दगडासारखी उभी. मग तिच्या टाकीवर ठोका पडला. आणि तिचा तो चिरका, कवळी सांभाळणारा आवाज आला.

"ऐकू आलं! मी हायिल, सलीमचा मुलगा!"

पुढची टाकी. मी हायिल, सलीमचा मुलगा. त्यापुढची. मुलींचा आवाज, म्हाताऱ्यांचा, एका पोराचा. सगळा गाव एकामागून एक सलीमचा मुलगा होत गेला. लांब, अजून लांब, ऐकू येईनासं झालं, मग दुसऱ्या अंगाने परत यायला लागलं. आणि शेवटी चौकातून शेख अबू निझार, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं. मी हायिल. सलीमचा मुलगा. ऐकू आलं. बाग देत नाही.

माझ्या बापाचं नाव अख्ख्या पठारावर फिरून आलं आज. आई असती तर.

हायिल वळून माझ्याकडे बघत होता. त्याला ह्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. हात वर करून विचारत होता, पोचलं का? दरीवर वारा आवाज गिळायचा तेव्हा आई डोक्यावरचा पांढरा रुमाल काढून हलवायची, म्हणजे पलीकडे कळायचं, पोचलं. मी रुमाल काढला. चारचौघांसमोर, उघड्या डोक्याने, हलवला, हलवत राहिले. तो मटकन बसला, मग उठला, आणि पुन्हा टाकीत तोंड घातलं.

"म्हातारे! सगळे केस पांढरे झाले की गं तुझेऽऽ!"

मी काही करायच्या आत उम्म झियादची मोगरी पडली. नियम म्हणजे नियम. "म्हातारे! सगळे केस पांढरे झाले की गं तुझे!" मग पुढची टाकी, मग त्यापुढची, पोरं तर घसा फोडून, आणि फिरत फिरत चौकापर्यंत, जिथे शेखांनीही, माझी खात्री आहे, ते म्हटलंच.

संध्याकाळी तो मत्ते प्यायला आला. शेखांनी पहिला पेला त्याला दिला. मी त्याच्या शेजारी बसले, हात त्याच्या कोपरावर. लमीसने पेटीतून सगळं ऐकवलं आणि म्हणाली, "यम्मा, ते केसांचं शेवटचं काढून टाकते, कोर्टात बरं दिसणार नाही."

मी म्हटलं, त्याला हात लावशील तर बघ.